मोठ्या अप्पांची तिवई

मन्मथप्पांच्या गळ्यात दोन वस्तू होत्या. एक म्हणजे आठव्या वर्षी गुरू जंगमस्वामींनी बांधलेलं इष्टलिंग, चांदीच्या डबीत, शिवदोऱ्याला अडकवलेलं. दुसरी म्हणजे श्रावणात त्यांनी स्वतःच मेडिकलमधून आणलेला मानेचा पट्टा. लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, हा त्यांच्या लिंगायत घराण्याचा नेम. पट्ट्याला असा काही नेम नव्हता. तो मन्मथप्पांनी आपल्या अकलेने लावून घेतला. दिवाळी होऊन गेली तरी पट्टा गळ्यातच. जेवताना, झोपताना, दाढी करतानासुद्धा. दाढी पट्ट्याच्या काठापर्यंतच व्हायची, त्याखाली पांढरं गवत माजलं होतं.

तेलगावच्या चौकात त्यांचं कापडाचं दुकान. चाळीस वर्षं गादीवर मांडी ठोकून, मान खाली घालून कापड मोजायचं, आणि वरच्या फळीवरचा तागा हवा असला की मान वर ताणून ओढायचा, एवढाच त्या मानेचा व्यायाम. आता कुणी डावीकडून हाक मारली की अप्पा कमरेपासून सगळे फिरत. गिऱ्हाइकं तोंडाला पदर लावून हसत. अप्पांना ते दिसत नसे, कारण बघायला मान वळवावी लागली असती.

दुखणं तसं साधंच सुरू झालं होतं. वर्षभर मान आखडायची, मग कळ डाव्या खांद्यात उतरली, मग अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात मुंग्या यायला लागल्या. घरात न सांगता ते तालुक्याला जाऊन मानेचा एक्स-रे फोटो काढून आले. फोटो काढणारा पोरगा लिफाफा हातात देताना म्हणाला, "काका, मानेचे मणके झिजलेत. गॅप आलाय." एवढं बोलून तो पुढच्या माणसाला आत घेऊन गेला. त्याचं काम झालं आणि इकडे अप्पांची झोप उडाली. त्यात चौकात बिभीषण भेटला. या बिभीषणाला गावातल्या प्रत्येकाचा आजार ठाऊक असतो आणि एकाचंही औषध ठाऊक नसतं. तो म्हणाला, "गॅप म्हंजे वंगाळच, अप्पा. एक झटका बसला की लकवा. माझा साडू पडूनच हाय." झालं. अप्पा तसेच मेडिकलमध्ये शिरले आणि पट्टा बांधून बाहेर आले.

पण माणूस नुसत्या बिभीषणाच्या बोलण्याने इतका खचत नाही. अप्पांच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ते देवघरात बसले होते. डाव्या तळहातावर लिंग घेऊन, भस्म लावून, बेलाचं पान वाहायला उजवा हात पुढे केला, आणि डाव्या हातातलं बळच गेल्यासारखं झालं. लिंग घरंगळलं आणि फरशीवर पडलं. टक्क असा बारीक आवाज झाला. अप्पांनी चटकन उचललं, पाण्याने धुतलं, डोळ्यांना लावलं, स्वयंपाकघराकडे कानोसा घेतला. तिथे भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता. कुणाला कळलं नव्हतं. पण लहानपणी तुळजाबाई आत्या भस्म लावता लावता म्हणायची ते त्यांना लख्ख आठवलं, "लिंग हातून सुटलं की श्वास सुटायला येळ लागत न्हाई, पोरा."

त्या दिवसापासून अप्पांनी लिंग तळहातावर घेतलंच नाही. रोज आंघोळ करून देवघरात जायचे, दार लोटून घ्यायचे, गळ्यातल्या डबीलाच भस्म लावायचे, थोडा वेळ बसून बाहेर यायचे. हात पुन्हा दगा देईल ही भीती. आपला हात आता लिंग पेलणार की नाही, की आपलीच वेळ भरत आली आहे, एवढा एकच प्रश्न त्यांना तीन महिने खात होता. आणि तो विचारायचा कुणाला?

दुकानाच्या शेजारी फकीरचं गॅरेज. फकीर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघांचे बाप शेजारी होते म्हणून हे दोघेही शेजारी, भांडणासकट. दिवाळीनंतर गिऱ्हाईक ओसरलं तसा एक दिवस फकीर काळे हात पुसत दुकानात आला आणि काखेतला मोठा लिफाफा गादीवर टाकला.

"तुझा फोटू काढ," तो म्हणाला.

"कावून?"

"काढ तर बे."

अप्पांनी गादीखालून आपला लिफाफा काढला. मागच्या साली फकीर ट्रॅक्टरवरून पडला होता, तेव्हा दवाखान्यात त्याच्याही मानेचा फोटो काढला होता. त्याने दोन्ही फिल्मा ट्यूबलाइटपुढे शेजारी शेजारी धरल्या. दोघांना त्यातलं शष्प कळत नव्हतं, पण दोघं डोळे बारीक करून बघत राहिले.

"हे बघ. माझ्या मणक्याला काटे आलेत, तुझ्यापेक्षा जास्ती. गॅप पण माझाच मोठा. आन् मी सकाळीच ट्रॅक्टरचं चाक उतरवलं. मला एक दिवस दुखलं न्हाई. मंग तू कावून डरतो?"

फकीर धीर द्यायला आला होता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. अप्पांच्या डोक्यात उलटंच शिरलं. फकीरची मान जास्त झिजलेली आणि त्याला काही नाही. म्हणजे आपलं दुखणं मणक्याचं नाहीच. म्हणजे ते लिंग पडल्याचंच. त्यांचे डोळे भरून आले, ते लपवायला मान फिरवावी तर तीही फिरेना.

फकीर घाबरला. चेष्टा बाजूला ठेवून म्हणाला, "चल, बीडला जाऊ. माझी आयशा तिथंच हाय, हाडाच्या डॉक्टरापाशी. पोरगी दिवसभर लोकांच्या माना आन् कमराच बघती."

"नको," अप्पा म्हणाले. "तिथं मोठ्या मशीनमध्ये घालतेत. अंगावर काही ठेवू देत न्हाईत. डबी काढायला लावतेत."

फकीरने त्यांच्याशी वाद घातला नाही. तो सरळ मागच्या दाराने घरात गेला आणि वहिनींना सांगून आला.

गंगासागर, म्हणजे अप्पांची बायको, बोलायला लागली की थांबत नाही आणि ठरवलं की बोलत नाही. रात्री ती एकच वाक्य बोलली, "सकाळच्या गाडीनं जायचंय, तो फोटू घ्या." दुसऱ्या दिवशी वडवणीमार्गे बीडला जाणाऱ्या एसटीत अप्पा तिच्या शेजारी ताठ बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांना बिभीषणाचा साडू आठवत होता.

दवाखान्यात आयशाने त्यांना पाहिलं आणि ती आधी हसलीच. फकीरची ही मधली पोरगी. लहानपणी अप्पांच्या दुकानातल्या चिंध्या नेऊन बाहुल्यांना कपडे करायची. आता दवाखान्यात व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट होती, पांढरा कोट घालून पुढे उभी.

"अप्पा, हा पट्टा किती दिवसांपासून?"

"श्रावणापासून."

"रात्रीपण?"

"रात्रीपण."

"कुणी सांगितलं?"

अप्पांनी पट्टा चाचपला. गंगासागर म्हणाली, "कोण सांगतंय? ह्येंनीच ह्येंना सांगितलं."

हाडाचे डॉक्टर वयस्कर होते आणि कमी बोलणारे. त्यांनी फोटो पाहिला, खाली ठेवला, आणि मग फोटोकडे ढुंकून न बघता अप्पांनाच तपासलं. याचंच अप्पांना नवल वाटलं. पट्टा काढून मान जेवढी वळेल तेवढी वळवायला लावली. कोपरावर, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. स्वतःची बोटं पुढे करून ती दोन्ही हातांनी गच्च आवळायला सांगितली. सदऱ्याची बटणं काढून पुन्हा लावायला सांगितली. मग फरशीच्या रेषेवरून पावलापुढे पाऊल टाकत चालवलं. लघवीला काही त्रास आहे का, चालताना झोक जातो का, हेही विचारलं. अप्पांनी एकेक गोष्ट परीक्षेला बसल्यासारखी केली.

"हातातून काही वस्तू पडते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो," गंगासागर म्हणाली. "कपबशी अजून एक फोडली न्हाई."

अप्पांचा हात गळ्यातल्या डबीकडे गेला. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले.

"पडलं," अप्पा म्हणाले. "एकदाच. लिंग पडलं. श्रावणात, सोमवारी, पूजेला बसलो असताना." आणि ते खाली बघू लागले. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच पट्ट्याशिवाय मान खाली गेली होती. आपली मान हलली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आता गंगासागर रडेल, देवाला हात जोडेल, स्वामींना फोन लावेल, असं त्यांना वाटलं. पण ती पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"मी रोज ताटात बेलाचं पान ठिवते. तीन महिने झाले, पान ताटातच ऱ्हातंय. मला डोळे न्हाईत का? रोज ते उचलून तुळशीपाशी ठिवत होते. म्हणलं, सांगतील कवातरी." मग तिने डॉक्टरांकडे वळून, जणू अप्पा तिथे नाहीतच अशा थाटात, सांगितलं, "ह्येंच्या वडलांच्या हातनं दोनदा पडलं होतं, साहेब. सासूबाईंनी मला सांगितलं होतं. धुतलं, पुसलं, पुन्हा गळ्यात. त्याच्यानंतर अकरा वर्षं जगले. शेवटपर्यंत दुकानात बसले."

अप्पा कमरेपासून तिच्याकडे फिरले. "मोठ्या अप्पांच्या हातनं? मंग तू मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?"

अप्पांनी डबी सदऱ्याच्या आत सरकवली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या हातात ताकद आहे," ते म्हणाले. "चालणं ठीक, बटणं ठीक, सगळं ठीक. मानेतून हातात जाणारी एक नस मणक्यापाशी दबते, म्हणून मुंग्या येतात आणि मान फार वाकली की हात सुटतो. झीज आहे, पण ती वयाची आहे. साठीच्या पुढच्या माणसांचे फोटो काढले तर बहुतेकांच्या मानेत हे दिसतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना काही होत नाही. केस पिकतात तसंच हे. झीज भरून येत नाही, पण दुखणं जातं. लकवा-बिकवा काही नाही."

"आन् मोठी मशीन?"

"आत्ता गरज नाही. पण बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जायला लागला, हातातलं बळ कमी होत गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी या. तेव्हा मशीनला नाही म्हणायचं नाही."

"तसं झालं तर मी सोता आणून घालते मशीनमध्ये," गंगासागर म्हणाली. "डबी माझ्या हातात ऱ्हाईल."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. खरं तर तीन महिने तो कुठल्या भांड्यात होता देव जाणे, पण त्या क्षणी तो जागेवर आला हे त्यांना छातीत कळलं. त्यांना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

मग आयशाने त्यांना पलीकडच्या खोलीत नेलं. "पट्टा दुखणं जोरात असताना चार-आठ दिवस ठीक असतो, अप्पा. तुमी तीन महिने मानेला काम दिलं न्हाई. ती आळशी झाली." तिने हनुवटी सरळ मागे ओढायला शिकवलं, खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणायला शिकवलं, मान हळूहळू दोन्हीकडे वळवायला लावली. दुखलं, पण ते बिभीषणाने सांगितलेलं दुखणं नव्हतं. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही, वरचा तागा स्वतः ओढायचा नाही, उशी एकच आणि पातळ. गंगासागर हे सगळं बोटाच्या पेरांवर मोजून घेत होती.

"आता पूजा कशी करता ते दाखवा," आयशा म्हणाली.

अप्पा गादीवर मांडी घालून बसले, डावा तळहात मांडीवर ठेवला आणि त्यावर मान वाकवून बघू लागले.

"एवढं वाकून? किती वेळ?"

"पाऊण तास."

"आन् मंग दुकानात दिवसभर असंच. अप्पा, हात वर घ्या. अजून वर. डोळ्यांच्या समोर."

अप्पांनी हात वर घेतला आणि एकदम थबकले. अशीच रीत होती. लहानपणी मोठे अप्पा त्यांचा हात धरून डोळ्यांसमोर आणायचे आणि म्हणायचे, लिंग डोळ्यापुढं, नजर लिंगावर. वय वाढलं, हात दमायला लागला, तसा तो रोज बोटबोट खाली आला आणि त्याच्या मागे मान खाली गेली. कधी गेली ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"हात लवकर दमंल," आयशा म्हणाली, "म्हणून कोपराखाली आधार पायजे. मांडी घातल्यावर कोपर टेकंल एवढ्या उंचीचा. पाटाहून लई उंच, स्टुलाहून कमी. बाजारात असं काही मिळत न्हाई, सुताराकडून करून घ्या."

अप्पांनी हवेतच हाताने ती उंची मोजली. मग म्हणाले, "सुतार नको."

परतीच्या एसटीत खिडकीपाशी गंगासागर बसली होती. तिने बसस्टँडवर सीताफळं घेतली होती आणि एक फोडून खात, बिया खिडकीबाहेर टाकत होती. अप्पांनी हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नुसती मान. थोडी कळ आली, खांदा जागचा हलला नाही. तीन महिन्यांत त्यांनी बायकोचं तोंड असं सहज पाहिलं नव्हतं.

"काय बघताव?" ती म्हणाली.

"काय न्हाई. दे एक फोड."

पट्टा तिच्या पिशवीत, सीताफळांच्या खाली गेला होता.

तेलगावला उतरल्यावर अप्पा घरी न जाता दुकानात गेले. कुलूप काढून आत आले. कोपऱ्यात लाकडी तिवई होती, तीन पायांची, बुटकी. तिच्यावर गिऱ्हाइकांसाठी पाण्याचा तांब्या असायचा. मोठ्या अप्पांनी ही तिवई म्हातारपणी मुद्दाम करवून घेतली होती, आणि सुताराने असलं कसलं मोजमाप म्हणून डोकं खाजवलं होतं. बसायला उंच, काही ठेवायला बुटकी. मोठे अप्पा पूजेला पहाटे, घर उठायच्या आधी बसायचे; त्यामुळे ते गेल्यावर कुणालाच तिचा उपयोग कळला नाही, आणि ती दुकानात आली. वीस वर्षं अप्पा तिच्यावरचा तांब्या उचलून पाणी पीत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

फकीर गॅरेजमधून डोकावला. "काय म्हणली आयशा?"

"म्हणली, तुझ्या बापाला सांगा, चाक एकट्यानं उतरवू नको," अप्पा म्हणाले आणि तिवई काखेत मारून निघाले. आयशा असं काही म्हणाली नव्हती. पण तीन महिन्यांनी अप्पांना थाप मारायची इच्छा झाली होती, आणि ती वाया घालवायची नव्हती. फकीर त्यांच्या उघड्या मानेकडे बघून मोठ्याने हसला.

सकाळी अप्पांनी देवघराचं दार लोटलं नाही. भिंतीला टेकून बसले, तिवई डाव्या बाजूला ओढली. गंगासागरही समोर आपली पूजा मांडून बसली. तिच्या गळ्यातही लिंग होतं, लहानपणापासूनचं. तिने डोळे मिटल्यासारखं केलं, पण मिटले नव्हते.

अप्पांनी डबी उघडली. त्यांनी कोपर तिवईवर टेकवलं, आणि ते एका खळग्यात बसलं. लाकडाच्या मधोमध, तांब्या उचलतानाही कधी नजरेत न भरलेला, घासून घासून गुळगुळीत झालेला उथळ खळगा. अप्पांनी बोटाने तो चाचपला. मोठ्या अप्पांचं कोपर अकरा वर्षं रोज तिथेच टेकलं होतं आणि लाकूड तेवढं झिजलं होतं. दोनदा लिंग पडल्यावरही बाप घाबरून दार लावून बसला नव्हता. त्याने सुताराला बोलावलं होतं.

अप्पांना बापाची आठवण आली तशी गेल्या वीस वर्षांत आली नव्हती.

त्यांनी लिंग तळहातावर घेतलं आणि हात डोळ्यांसमोर आणला. मान सरळ. बोटांत बारीक मुंग्या होत्या, त्या होत्याच. लिंग हललं नाही. त्यांनी भस्म लावलं, आणि उजवा हात ताटाकडे नेला, तर पान जागेवर नव्हतं. गंगासागरने ते आधीच उचलून त्यांच्यापुढे धरलं होतं.

त्या दिवशी तुळशीपाशी ठेवायला पान उरलं नाही.